डीएनए कॉपी व्हायच्या आधी पेशी काय तयारी करते? (ओरिजिन, एमसीएम, लायसन्सिंग)

शेवंती

डीएनए रेप्लिकेशनवरचं (डीएनए कॉपी होण्यावरचं) कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्याच चित्रात फोर्क (डीएनएचे दोन धागे सुटतात ती जागा) उघडलेला असतो, पुढे धागे सोडवणारा हेलिकेज, मागे नवा डीएनए बनवणारं पॉलिमरेज, सगळं जोरात चालू. पण तो हेलिकेज तिथे आला कधी, कोणी बसवला आणि नेमका तिथेच का बसवला, हे धड कुठे सांगितलेलं नसतं. सध्या यावर जमेल तसं वाचतेय आणि माझं ठाम मत झालंय की रेप्लिकेशनमधली सगळ्यात हुशारीची पायरी कॉपी करण्याची नाहीच, ती आधीच्या तयारीची आहे. म्हणून हा धागा.

मला कळलेलं असं: पेशी विभागून झाली की जी१ टप्प्यात (विभागणी आणि कॉपी यांच्या मधला काळ), खरं तर मायटोसिस (विभागणी) संपता संपताच, डीएनएवर ठिकठिकाणी ओआरसी नावाचं सहा प्रोटीन्सचं कॉम्प्लेक्स बसतं. त्याला सीडीसी६ येऊन चिकटतं. मग सीडीटी१ हे प्रोटीन एमसीएम २-७ ची रिंग घेऊन येतं आणि ती रिंग डीएनएभोवती चढवली जाते. एक नाही, दोन रिंगा, समोरासमोर तोंड करून. हीच पुढे हेलिकेज होणार, पण जी१ मध्ये ती डीएनए उघडत नाही, कॉपी करत नाही, नुसती बसून राहते. काही तासांनी एस फेज (डीएनए कॉपी होण्याचा टप्पा) लागली की त्यातल्या काही जोड्या चालू होतात; जिथून अशी कॉपी सुरू होते ती जागा म्हणजे ओरिजिन. या सगळ्या बसवाबसवीला लायसन्सिंग म्हणतात.

आता प्रश्न. एक तर, हेलिकेज लागणार एस फेजमध्ये तर तो इतके तास आधी का बसवून ठेवायचा, लागेल तेव्हा का नाही? आणि दुसरं, बसवलेल्या रिंगांपैकी बऱ्याचशा कधी चालूच होत नाहीत म्हणे, मग एवढ्या जास्तीच्या कशाला?

---

रानवारा

मस्त विषय! बायोलॉजी माझं क्षेत्र नाही पण आकडे मांडून बघितले, ते टाकतो, कोणीतरी तपासा.

ई. कोलाय बॅक्टेरियाचा जीनोम ४६ लाख अक्षरांचा, गोल, आणि ओरिजिन एकच. एक फोर्क सेकंदाला १००० च्या आसपास अक्षरं कॉपी करतो, दोन्ही दिशांनी दोन फोर्क, म्हणजे साधारण ४० मिनिटांत काम तमाम. इथे एक ओरिजिन पुरतं.

आता माणसाचं क्रोमोसोम १ घ्या, जवळपास २५ कोटी अक्षरं. आपले फोर्क फार हळू चालतात, मिनिटाला १-२ हजार अक्षरं. अगदी २००० धरली आणि बरोब्बर मधोमध एकच ओरिजिन आहे असं मानलं तरी दोन फोर्क मिळून मिनिटाला ४०००, म्हणजे ६२,५०० मिनिटं, म्हणजे ४३ दिवस!! आणि एस फेज असते ८ तासांच्या आसपास. त्यामुळे हजारो ठिकाणांहून एकदम सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही हे उघड आहे.

पण मग मला वेगळीच काळजी वाटते. हजारो ठिकाणी सुरू झालं, कुठे लवकर संपलं कुठे उशिरा, तर एखादा तुकडा ऑलरेडी कॉपी झालाय हे पेशीला कळतं कसं? तिथलं ओरिजिन परत चालू झालं तर?

---

पेशीवेडा

रानवारा, आकडे बरोबर आहेत, आणि तुम्ही जो शेवटचा प्रश्न विचारलाय ना तिथेच शेवंतीताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो.

माणसाच्या एका पेशीत एका एस फेजमध्ये ३० ते ५० हजार ओरिजिन चालू होतात. यातलं एक जरी दुसऱ्यांदा चालू झालं तरी त्या भागाच्या दोनाऐवजी जास्त प्रती होतात, मागून येणारा फोर्क पुढच्या फोर्कवर जाऊन आदळतो, डीएनए तुटतो, जीन्सच्या प्रती वाढतात. याला री-रेप्लिकेशन म्हणतात आणि ते पेशीला घातक आहे. म्हणजे नियम असा पाहिजे की प्रत्येक अक्षर एकदा आणि एकदाच.

हे जाणवलं फार आधी. १९७० साली राव आणि जॉन्सन यांनी वेगवेगळ्या टप्प्यातल्या हेला पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सर पेशी) एकमेकींत मिसळून बघितल्या. एस मधली पेशी जी१ मधल्या पेशीशी जोडली तर जी१ च्या न्यूक्लियसने डीएनए बनवायला लवकर सुरुवात केली. पण एस मधली पेशी जी२ (कॉपी झाल्यानंतरचा टप्पा) मधल्या पेशीशी जोडली तर जी२ चं न्यूक्लियस ढिम्म! आजूबाजूला रेप्लिकेशनचं सगळं सामान आहे, तरी नाही. म्हणजे कॉपी झालेल्या न्यूक्लियसमधून काहीतरी निघून गेलेलं असतं जे जी१ मधल्याकडे असतं.

मग १९८८ मध्ये ब्लो आणि लास्की यांनी झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रयोग केले. त्यात न्यूक्लियस एकदाच कॉपी होतं, ताज्या अर्कात टाकलं तरी परत होत नाही, पण त्याच्या पडद्याला भोकं पाडली तर परत होतं. त्यावरून त्यांनी लायसन्सिंग फॅक्टरची कल्पना मांडली: डीएनएवर आधी परवाना बसतो, कॉपी होताना तो वापरून संपतो, आणि नवा परवाना मायटोसिस पार केल्याशिवाय मिळत नाही. तो फॅक्टर म्हणजे कोण हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, फक्त तर्क. पुढे कळलं की परवाना म्हणजे हीच डीएनएवर चढवलेली एमसीएमची जोडी.

आता रानवारांचं उत्तर. पेशीला वेगळी नोंदवही लागतच नाही, एमसीएम स्वतःच नोंद आहे. ओरिजिन चालू झालं की तिथल्या रिंगा फोर्कबरोबर निघून जातात. चालू न झालेल्या ओरिजिनवरून दुसरा फोर्क गेला तर तिथल्या रिंगा निघून जातात. दोन्ही बाजूंनी नतीजा एकच, फोर्कच्या मागे जो नवा डीएनए आहे त्यावर एमसीएम नसतं. आणि एस फेज चालू असेपर्यंत नवीन चढवायला सक्त मनाई. म्हणून जी१ मध्ये चढवणं आणि एस मध्ये चालू करणं हे वेळेनेच पूर्ण वेगळं काढलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य झाल्या असत्या तर कॉपी झालेल्या भागावर लगेच नवी जोडी चढली असती आणि नियम मोडला असता.

---

शेवंती

पेशीवेडा, अप्रतिम. "एमसीएम स्वतःच नोंद आहे" हे वाक्य वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला.

पण ही सक्त मनाई अंमलात कशी येते? म्हणजे एस फेज लागली हे ओआरसीला, सीडीटी१ ला कोण सांगतं?

---

पेशीवेडा

सीडीके, म्हणजे पेशीचे टप्पे पुढे नेणारा कायनेज (इतर प्रोटीन्सना फॉस्फेट लावणारं एन्झाइम). आणि गंमत बघा, जो सीडीके ओरिजिन चालू करतो तोच नवीन लायसन्सिंग बंद करतो. एकाच हाताने एक दार उघडायचं आणि त्याच क्षणी दुसरं लावायचं, त्यामुळे मधल्या वेळेत दोन्ही उघडी राहण्याचा धोका फार कमी.

चालू करण्याची बाजू: यीस्टमध्ये सीडीके एसएलडी२ आणि एसएलडी३ या दोन प्रोटीन्सना फॉस्फेट लावतो, मग ती डीपीबी११ ला चिकटू शकतात. हे २००७ मध्ये सिद्ध झालं. शिवाय डीडीके म्हणून दुसरा कायनेज आहे, तो थेट एमसीएमलाच फॉस्फेट लावतो. या दोघांच्या जोरावर एमसीएमला सीडीसी४५ आणि जीआयएनएस येऊन मिळतात आणि तिघांचा मिळून सीएमजी हेलिकेज तयार होतो. एमसीएम १० ने शेवटची ठिणगी टाकली की दोन रिंगा एकमेकींपासून सुटतात, डीएनए उघडतो, दुहेरी साखळीवर बसलेली प्रत्येक रिंग आता एकाच धाग्याभोवती असते, आणि त्या एकमेकींना ओलांडून विरुद्ध दिशांना निघतात. हो, ओलांडून! त्यांची तोंडं समोरासमोर असतात आणि प्रत्येकीला पुढेच जायचं असतं.

बंद करण्याची बाजू: यीस्टमध्ये सीडीके ओआरसीला फॉस्फेट लावून निकामी करतो, सीडीसी६ ला नष्ट करायला लावतो आणि मोकळ्या एमसीएमला न्यूक्लियसच्या बाहेर हाकलतो. तीन तीन कुलपं. २००१ मध्ये दाखवलं गेलं की ही सगळी एकत्र मोडली तरच ठळक री-रेप्लिकेशन होतं, एखादं मोडून भागत नाही.

प्राण्यांमध्ये थोडं वेगळं. आपल्याकडे सगळा भर सीडीटी१ वर. जेमिनिन नावाचं प्रोटीन, १९९८ मध्ये सापडलं, एस पासून मायटोसिसपर्यंत सीडीटी१ ला धरून ठेवतं. शिवाय एस फेजमध्ये सीडीटी१ नष्टच केलं जातं, आणि ते कुठे तर चालू फोर्कवरच्या पीसीएनए या प्रोटीनला चिकटल्यावर. म्हणजे कॉपी चालू असणं हाच सीडीटी१ च्या नाशाचा इशारा! मायटोसिस संपत आला की एपीसी हे कॉम्प्लेक्स जेमिनिनचा फडशा पाडतं, सायक्लिन (सीडीकेला चालू ठेवणारी प्रोटीन्स) पण जातात म्हणजे सीडीके पण उतरतो, आणि लायसन्सिंगची खिडकी परत उघडते.

---

पारिजात

इथे एक भर. सीडीटी१ आणि जेमिनिनचा हा लपंडाव इतका नियमित आहे की त्यावरून पेशीचा टप्पा रंगावरून ओळखता येतो. २००८ मध्ये जपानच्या रिकेनमधल्या मियावाकींच्या ग्रुपने फुच्ची नावाची पद्धत काढली. सीडीटी१ चा तुकडा लाल चमकणाऱ्या प्रोटीनला जोडला आणि जेमिनिनचा तुकडा हिरव्याला. जी१ मध्ये सीडीटी१ टिकतं म्हणून न्यूक्लियस लाल, एस लागला की लाल विझतं आणि हिरवं पेटतं, मायटोसिसनंतर हिरवं विझून परत लाल. जिवंत पेशींच्या फिल्म बघताना लायसन्सिंगची खिडकी उघडताना बंद होताना अक्षरशः डोळ्यांनी दिसते, जरूर शोधून बघा.

---

तळटीप

छान चाललंय. पण जागेचं कोणीच बोललं नाही अजून. ओरिजिन कुठे, हे कशावरून ठरतं? यीस्टमध्ये तर ठरलेला सिक्वेन्स असतो ना? मग माणसात पण असेलच?

---

पेशीवेडा

यीस्टमध्ये हो. तिथे ११ अक्षरांचा एक ढाचा असतो, ओआरसी तो ओळखून बसतं. १९९२ मध्ये बेल आणि स्टिलमन यांना अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबमध्ये ओआरसी सापडलंच या सिक्वेन्सला चिकटणारं म्हणून. यीस्टमध्ये अशी साधारण ४०० ओरिजिन आहेत आणि त्यांचे पत्ते माहीत आहेत.

माणसात मात्र तसा ढाचा नाही. आपलं ओआरसी अक्षरं वाचून बसत नाही. क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याच्या प्रोटीन्सची गुंडाळी) मोकळं कुठे आहे, हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतो त्या प्रोटीन्सवर) खुणा काय आहेत, याकडे त्याचा जास्त ओढा. ओआरसी१ चा एक भाग एच४ हिस्टोनच्या २० व्या लायसिनवरचे दोन मिथाइल ओळखतो, हे २०१२ मध्ये दाखवलं.

आणि एकदा चढली की जोडी तिथेच खिळून राहते असंही नाही. दुहेरी डीएनएवर ती घसरू शकते, चालू ट्रान्सक्रिप्शनचं (डीएनएवरून आरएनए बनवण्याचं) पॉलिमरेज तिला पुढे ढकलत नेऊ शकतं, त्यामुळे ओआरसी जिथे बसलं तिथेच कॉपी सुरू होईल असं धरून चालता येत नाही.

---

रानवारा

एक मिनिट, रिंग म्हणताय तर ती बंद रिंग ना? डीएनए तर लांबच लांब, टोक कुठेतरी कोटी अक्षरं दूर. मग बंद रिंग मधूनच डीएनएवर चढते कशी??

---

पेशीवेडा

एमसीएमच्या रिंगेत सहा वेगवेगळी प्रोटीन्स आहेत आणि एमसीएम२ व एमसीएम५ यांच्यामधला सांधा उघडतो, तेच फाटक. सीडीटी१ बरोबर येताना ते फाटक उघडं असतं, डीएनए आत सरकतो, एटीपी खर्च होतो, फाटक लागतं, सीडीसी६ आणि सीडीटी१ सुटून जातात. मग दुसरी रिंग उलट्या तोंडाने. ही दुसरी उलटी कशी बसते यावर बरीच वर्षं वाद होता, दोन ओआरसी लागतात की एकच पुरतं. २०२१ च्या एका कामात एकेका रेणूवर नजर ठेवून दिसलं की एकच ओआरसी पहिल्या रिंगेला धरून कोलांटी मारतं आणि पलीकडच्या बाजूने दुसरी चढवतं. दुसरीकडे, दोन जवळच्या जागांवर दोन ओआरसी बसून काम होतं याचेही पुरावे आहेत. मला वाटतं दोन्ही वाटा चालू असाव्यात.

२००९ मध्ये दोन ग्रुप्सनी शुद्ध प्रोटीन्स घेऊन टेस्ट ट्यूबमध्ये ही जोडी डीएनएवर चढवून दाखवली, आणि २०१५ मध्ये संशोधक जॉन डिफ्लींच्या लॅबमध्ये १६ शुद्ध फॅक्टर्स घेऊन यीस्टच्या रेप्लिकेशनची नियमबद्ध सुरुवात अख्खी टेस्ट ट्यूबमध्ये उभी केली. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण त्यानंतर "अजून काहीतरी लागत असेल" हे म्हणायला फारशी जागा उरली नाही, लागणारी यादी समोर आली.

---

शेवंती

माझा दुसरा प्रश्न राहिला 🙂 जास्तीच्या रिंगा कशाला?

---

पेशीवेडा

तो मुद्दाम मागे ठेवला होता कारण आधीचं सगळं कळल्याशिवाय त्यातली निकड कळत नाही.

बघा, एस फेज लागली की नवीन रिंग चढवता येत नाही, हे पक्कं. आता समजा दोन फोर्क समोरासमोरून एकमेकांकडे येतायत, आणि मध्ये काहीतरी अडथळा आला, डीएनएला इजा झालीय किंवा न्यूक्लिओटाइड कमी पडलेत, आणि दोन्ही फोर्क कायमचे अडकले. मधला तुकडा कोण कॉपी करणार? एक फोर्क अडकला तर समोरचा येऊन भागवतो, पण दोन्ही अडकले तर बाहेरून मदत येऊच शकत नाही, नवीन ओरिजिन बनवायला बंदी आहे. परीक्षेची घंटा झाल्यावर हॉलची दारं लागतात, कोणाला जास्तीचा पेन लागला तर तो आधीच खिशात असला पाहिजे, तसं आहे हे. मधल्या तुकड्यावर आधीच चढवलेली एखादी झोपलेली जोडी असेल तरच ती जागी होऊन काम पुरं करते.

म्हणून पेशी लागतात त्याच्या कितीतरी पट एमसीएम चढवते, ३ ते १० पट. एरवी ह्या झोपलेल्या ओरिजिनवरून फोर्क निघून जातो आणि त्या निमूट उतरतात. पण हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने फोर्क मंद केले की त्या जाग्या होतात. २००७-०८ मध्ये माणसाच्या पेशींत एमसीएम कमी करून बघितलं. एरवी पेशींना फरकच पडला नाही, पण रेप्लिकेशनवर ताण आणल्याबरोबर त्या मरायला लागल्या. म्हणजे जास्तीचे परवाने नुसते दिसायला जास्तीचे.

---

औदुंबर

मी डॉक्टर आहे, रोगाच्या बाजूने लिहितो. उंदरांत एमसीएम४ मध्ये एक छोटा बदल असलेला केऑस३ नावाचा प्रकार आहे. रिंगा कमी पडतात, क्रोमोसोम तुटतात आणि माद्यांना स्तनाचे ट्यूमर होतात, हे २००७ चं काम. एकही ऑन्कोजीन (कॅन्सर घडवणारा जीन) बाहेरून घातलेला नाही, फक्त तयारी अपुरी.

माणसात मायर-गोर्लिन सिंड्रोम. फार विरळ. उंची खूप कमी, कान लहान, गुडघ्याची वाटी लहान किंवा नसतेच. २०११ मध्ये कळलं की यात ओआरसी१, ओआरसी४, ओआरसी६, सीडीटी१, सीडीसी६ यांत बिघाड असतो, म्हणजे या धाग्यातली जवळपास सगळी पात्रं! परवाने कमी, पेशी कमी वेळा विभागतात, शरीर लहान राहतं हा सरळ अर्थ. गुडघ्याची वाटी आणि कानच का, हे मात्र नुसत्या पेशीसंख्येने सुटत नाही.

कॅन्सरमध्ये अजून एक गोष्ट. निरोगी पेशीत पुरेसं लायसन्सिंग झालं नाही तर ती जी१ मध्येच थांबते, एस मध्ये जात नाही. बऱ्याच कॅन्सर पेशींत ही थांबण्याची सोय मोडलेली असते, त्यातून सायक्लिन ई वाढलेलं असेल तर जी१ आखडतो, आणि पेशी अर्धवट परवान्यांवर एस मध्ये उडी मारते. इथे औषधाला वाव आहे असं मला मनापासून वाटतं, कारण लायसन्सिंग अडवलं तर निरोगी पेशी थांबून वाट बघेल आणि कॅन्सरची पेशी थांबणार नाही. पेव्होनेडिस्टॅट म्हणून एक औषध उलट बाजूने जातं, सीडीटी१ चा नाश रोखून री-रेप्लिकेशन घडवतं. लॅबमध्ये दमदार निघालं पण मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. वाट बंद झालीय असं मी मानत नाही.

आणि रोजच्या पॅथॉलॉजीत एमसीएम वापरता येतं. झोपी गेलेल्या, विभागणं सोडलेल्या पेशींत एमसीएम नसतं, विभागणाऱ्यांत असतं, म्हणून बायोप्सीवर एमसीएम२ चा डाग घेऊन किती पेशी चक्रात आहेत ते बघता येतं.

---

तळटीप

सगळं पटतंय पण एक खटकतंय. ओआरसीशिवाय काहीच नाही असं वरून वाटतं, आणि मी तर वाचलंय की ओआरसी काढून टाकलेल्या पेशी आरामात जगतात!

---

पेशीवेडा

हो, ते २०१६ चं काम, अनिंद्य दत्ता यांच्या लॅबचं. त्यांनी कॅन्सरच्या सेल लाइनमध्ये ओआरसी१ किंवा ओआरसी२ चा जीन उडवला आणि पेशी विभागत राहिल्या. केवढी खळबळ! मग २०२१ मध्ये स्टिलमनच्या ग्रुपने दाखवलं की ओआरसी२ झटकन काढून घेतलं तर लायसन्सिंग कोसळतं, पेशी जगत नाहीत. पहिल्या कामात एखादा छोटा उरलेला तुकडा काम चालवत असेल असा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या बाजूला हे मान्य नाही. माझा कल ओआरसी आवश्यक आहे याकडेच आहे, पण अगदी थोड्या ओआरसीवर पेशी निभावून नेऊ शकते हे मला त्या पहिल्या कामातून शिकण्यासारखं वाटतं. एक ओआरसी अनेक रिंगा एकामागून एक चढवू शकतं, त्यामुळे हे अशक्य नाही.

---

पारिजात

आणि "एकदा आणि एकदाच" याला निसर्गात मान्य अपवाद आहेत हेही सांगायला हवं. फळमाशीच्या लाळग्रंथी, गर्भवेष्टनातल्या ट्रोफोब्लास्ट जायंट पेशी, वनस्पतींतल्या कित्येक पेशी मायटोसिस गाळून परत परत जीनोम कॉपी करतात. तिथे पण सीडीके खाली येतो, लायसन्सिंग होतं, सीडीके वर जातो, कॉपी होते. म्हणजे चक्र तेच, फक्त विभागणी गाळलेली. पण फळमाशीच्या अंड्याच्या कवचाचे जीन्स मात्र खरोखरच नियम मोडतात, त्याच जागेची ओरिजिन पुन्हा पुन्हा चालू होऊन प्रती वाढतात, कारण थोड्या वेळात कवचाचं भरपूर प्रोटीन लागतं.

---

रानवारा

शेवटचा प्रश्न, मग थांबतो. एवढं करूनही दोन्ही फोर्क अडकले आणि मध्ये एकही झोपलेलं ओरिजिन नाही, असं होत असेलच ना कधीतरी? ६०० कोटी अक्षरं आहेत शेवटी. मग?

---

पेशीवेडा

होतं, आणि निरोगी पेशीतही होतं. ओरिजिन विरळ असलेल्या लांब पट्ट्यांत जास्त, जसं एफआरए३बी ही फ्रॅजाइल साइट. काही पेशीप्रकारांत तिच्या गाभ्यात ओरिजिन जवळजवळ नसतातच, आणि ताण आला की क्रोमोसोम तिथेच तुटतो. असा न कॉपी झालेला तुकडा घेऊन पेशी मायटोसिसमध्ये गेली तर तिथे थोडंफार डीएनए संश्लेषण होतं. तरीही राहिलं तर दोन लेकींमध्ये (विभागून झालेल्या दोन नव्या पेशींमध्ये) डीएनएचा अगदी बारीक धागा ताणलेला राहतो, नेहमीच्या रंगांनी दिसत नाही इतका बारीक. पुढच्या जी१ मध्ये त्या जागी ५३बीपी१ नावाचं प्रोटीन गोळा होऊन इजा झाकून ठेवतं आणि दुरुस्ती पुढच्या एस फेजमध्ये होते. २०१६ च्या एका कामात गणित आणि मोजमाप दोन्ही जुळवून दाखवलं की असे तुकडे बिनताणाच्या साध्या एस फेजनंतरही राहतात आणि त्यांची संख्या ओरिजिनमधल्या अंतरांवरून काढलेल्या अंदाजाशी जुळते.

---

शेवंती

वाचनखूण साठवली. सीएमजी सुटताना दोन रिंगा एकमेकींना ओलांडतात त्याची आकृती काढायला घेतलीय, झाली की इथेच टाकते. पेशीवेडा, तोंडं कुठे आणि धागे कुठले हे एकदा तपासून द्याल का?

---

पेशीवेडा

नक्की. दोन्ही रिंगांची एन टोकं (प्रोटीनच्या साखळीची सुरुवातीची टोकं) आतल्या बाजूला, एकमेकींना टेकलेली दाखवा. चालू झाल्यावर प्रत्येक रिंग लीडिंग धाग्याच्या (सलग बनणाऱ्या नव्या धाग्याच्या) साच्यावर, त्याच्या ३ प्राइम टोकाकडून ५ प्राइम टोकाकडे, एन टोक पुढे. एवढं बरोबर आलं की ओलांडणं आपोआप दिसेल.